माझ्या कानातलं तुला सांगते

प्रिय,

तुझे मिस्ड कॉल बघितले, खाली ‘रागावलीस का गं?’ हेही वाचलं. नाही गं. तुझ्यावर रागवायचं मी सातवीतच सोडून दिलं. मी रागावलेय हे तुला कळायचंच नाही, मग रागावून करायचं काय? कारण वेगळं आहे, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर तू अर्ध्यातच उपाय सांगायला लागतेस. पत्रात तुला मधे तोंड घालता येणार नाही, म्हणून मुद्दाम कागद घेऊन बसलेय. चहा करून घे आणि निवांत वाच, लांबण लागणार आहे.

आधी गावची खबर. धानाचे रोवणे जोरात सुरू आहेत, त्यामुळे घरकामाला बाई मिळत नाही. वैनगंगा भरून वाहतेय. गोसीखुर्द धरणाच्या ३३ दरवाजांपैकी आज किती उघडले, हे पेपर यायच्या आत मला सांगणं हे ह्यांनी स्वतःकडे घेतलेलं काम. उघडलेले दरवाजे वाढले की ह्यांचा आवाजही वाढतो. तुझ्या धाकट्या काकूचे गुडघे बरे आहेत, पण कोरंभीच्या पायऱ्या चढणं बंद केलंय. खालूनच हात जोडते आणि देवीला सांगते, ‘यंदा तूच ये खाली.’

आता माझं. तुला सांगते, माझ्या कानात आवाज येतो. गेल्या वर्षी धान कापणीच्या सुमारास सुरू झाला, तो गेलाच नाही. पावसाळ्यात संध्याकाळी बांधावर रातकिडे किर्र लावतात ना, तसा. पण एकाच पट्टीत, आणि क्षणभरही न थांबणारा. दिवसा भांडी, मिक्सर, नातवाचा दंगा, रस्त्यावरचे हॉर्न यांत तो दबून जातो. रात्री घर निजलं की तो आणि मी, दोघंच जागे.

पहिल्यांदा वाटलं, घरातच काहीतरी वाजतंय. ह्यांना उठवलं. तुला माहीतच आहे, हे एकदा कामाला लागले की लागले. फ्रिजची पिन काढली, इन्व्हर्टर बंद केला, राऊटर, टीव्ही, मोबाईलचे चार्जर, देवघरातला तो चिनी दिवासुद्धा. मग अंधारात हातात टॉर्च घेऊन अगदी काळजीनं विचारलं, “आता थांबला का?” थांबला नव्हता. पण त्या माणसाची ती तन्मयता बघून मला इतकं भरून आलं, की मी म्हटलं, “थोडा कमी वाटतोय.” मग ते समाधानानं झोपले आणि सकाळी दूध नासलं.

नातवाची तऱ्हा वेगळीच. त्यानं माझ्या कानाला आपला कान चिकटवला, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, “आजी, आवाज वाढव ना, मला येतच नाहीये.” सगळे हसले, मीही हसले. पण तुला सांगते, या दुखण्याची खरी गोष्ट पोरगं एका वाक्यात बोलून गेलं. ताप असला तर कपाळाला हात लावून कळतो, सूज दिसते. हे मात्र कुणालाच येत नाही. मी म्हणते म्हणून आहे. आणि ‘मी म्हणते म्हणून’ एवढ्यावर आपल्याकडे बायकांचं कुठलं दुखणं कुणी खरं मानलंय?

उपायांचा तर पाऊस पडला. कुणी लसूण तळून तेल घालायला सांगितलं, कुणी कांद्याचा रस, कुणी आल्याचा. मी काहीही घातलं नाही, हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहितेय, कारण तू आता अर्ध्या वाक्यावर थांबून तुझ्या आजीचं मोहरीचं तेल आठवत असशील. भजनी मंडळातल्या मावशींनी तर माझा हातच धरला. “बाई, तुला अनाहत नाद ऐकू येऊन राह्यला! लोकं जन्मभर बसतेत ना ऐकू नाही येत.” तेव्हापासून त्या मला पुढच्या सतरंजीवर बसवतात, पेटीच्या शेजारी. त्यांच्या श्रद्धेला मी काही बोलले नाही. पण योगी बसतो तो स्वतःहून बसतो, हवा तेव्हा उठतो. माझ्यामागे हा चोवीस तास लागलेला.

वैद्य झालेला एक भाचा आला होता. त्यानं सांगितलं ते मात्र मनाला फार भिडलं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग दिलेत आणि त्यांत कर्णनाद आहे. रोग्याला भेरी, मृदंग, शंख असे आवाज ऐकू येतात असं वर्णन आहे. त्याखेरीज कर्णक्ष्वेड नावाचा दुसरा रोग, त्यात वेणूसारखा आवाज. बघ, केवढ्या जुन्या काळी कुणीतरी वैद्यापुढे बसून म्हणालं असेल, ‘माझ्या कानात शंख वाजतो’, आणि वैद्यानं ‘मला तर येत नाही’ असं न म्हणता विचारलं असेल, कसा वाजतो? मृदंगासारखा की बासरीसारखा? त्या न पाहिलेल्या वैद्याबद्दल मला फार माया वाटली.

आमच्या वाट्याला आधी आले ते डॉक्टर मात्र तसे नव्हते. नाव लिहीत नाही, तुझी आणि त्यांची ओळख निघायची. कानात बॅटरी मारली न मारली आणि म्हणाले, “वय झालं ताई, सवय करून घ्या.” एक पट्टी गोळ्या लिहून दिल्या. बाहेर आले तेव्हा मला आवाजापेक्षा त्या वाक्याचा त्रास जास्त झाला. सवय करून घे म्हणायचं, पण ती कशी करायची हे सांगायचं नाही. पुढे सुनेनं शोधून काढलं, त्या गोळ्या जिंकगो नावाच्या वनस्पतीच्या होत्या. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ साली या दुखण्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत जिंकगो, झिंक, मेलाटोनिन यांची शिफारस करू नये असं चक्क लिहिलंय. आवाज सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकला, तर तो चिवट धरायचा, हेही त्यातच आहे. माझा तर कापणीपासून रोवण्यापर्यंत टिकलाय, म्हणजे चिवटच.

सून माझी खमकी आहे. (तू तिला लग्नात ‘शांत वाटते’ म्हणाली होतीस! तुझी माणसं ओळखायची रीत आठवीपासून तशीच.) तिनं दुसरा कानाचा डॉक्टर शोधला, तरुण मुलगा. त्यानं खुर्ची माझ्याकडे ओढली आणि विचारायला सुरुवात केली. एका कानात की दोन्हीत? नाडीच्या ठोक्याबरोबर वाजतो का? चक्कर येते का? कान अचानक बंद झाला होता का? घरात कुणाला कमी ऐकू येतं? कुठली औषधं चालू आहेत? त्यानं सांगितलं, अ‍ॅस्पिरिन जास्त झाली तरी कान वाजतात, मलेरियावरच्या क्विनाइननं वाजतात, टीबीवरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शननं तर ऐकणंच कायमचं कमी होऊ शकतं. आपल्या भागात हिवतापात किती माणसांनी क्विनाइन खाल्लं असेल! तुला बारावीच्या वर्षी झालेला मलेरिया आठवतो? तू तापात मला म्हणाली होतीस, “वर्गाची घंटा बंद करा गं कुणीतरी.” आम्ही म्हटलं, ताप डोक्यात गेला. आता वाटतं, ताप कसला, औषध वाजत असणार ते.

मग त्यानं कानातला मळ बघितला, कारण कधी कधी नुसता मळ काढला तरी आवाज जातो. माझा कान स्वच्छ निघाला. मग एक लोखंडी चिमटा गुडघ्यावर आपटून माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला. ट्यूनिंग फोर्क म्हणतात त्याला, सेकंदाला ५१२ कंपनं. विचारलं, कुठल्या कानात येतो? दोन्हीकडे सारखा येत होता. “ठीक,” म्हणाला, “पण ऐकण्याची चाचणी नीट झाली पाहिजे. नागपूरला जा.”

गेलो. एसटीनं, हाफ तिकिटात. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं भाडं झालंय ना, ह्यांना ते अजून पचलेलं नाही. “चाचणी तुझी, आणि पूर्ण तिकीट माझं,” मौद्यापर्यंत हेच चालू होतं.

त्या दवाखान्याच्या बाकावर मला एक जग भेटलं. लाखांदूरकडचे एक शेतकरी होते, म्हणाले, “माह्या कानात थ्रेशर चालते जी, धान नाही ना काही नाही.” एक शिक्षिका होती, तिच्या फक्त डाव्या कानात. तिला आत एमआरआय लिहून दिला, कारण आवाज एकाच कानात असला की आतली नस तपासावी लागते. आम्ही तिघंही एकमेकांना ‘रात्री जास्त ना?’ विचारत होतो, आणि तुला खरं सांगते, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला मोकळं वाटलं. तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. २०२२ साली छापलेल्या एका मोठ्या आढाव्यात जगातल्या सुमारे १४ टक्के प्रौढांना हा आवाज असल्याचा अंदाज आहे, म्हणजे ७४ कोटींच्या घरात माणसं, आणि त्यांतल्या बारा कोटींच्या आसपास माणसांना तीव्र त्रास. एवढी माणसं, आणि आपल्या गल्लीत याबद्दल बोलणारं कुणी नाही.

चाचणीची खोली म्हणजे एक लहानशी पेटीच. भिंतींना आतून जाड गादी, दार ओढलं की बाहेरचं जग एकदम पुसलं जातं. आणि तिथे, त्या शांततेत, माझा आवाज इतका मोठा झाला की मी दचकले. ऑडिओलॉजिस्ट मुलगी काचेतून बघत होती. आत येऊन म्हणाली, “घाबरू नका काकू, इथे सगळ्यांचाच वाढतो.” मग तिनं एक जुना प्रयोग सांगितला. १९५३ साली हेलर आणि बर्गमन नावाच्या दोघांनी कानाची काहीही तक्रार नसलेल्या ८० माणसांना अशाच आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज लिहिला. म्हणजे कानामागचा मेंदू कधीच पुरता गप्प नसतो. बाहेरचं थांबलं की त्याचं स्वतःचं ऐकू यायला लागतं.

कानावर हेडफोन, हातात बटण. बीप ऐकू आली की दाबायचं. माझी अडचण अशी की माझ्या कानात आधीच एक बीप चालू! मी तिला तसं सांगितलं. तिनं लगेच यंत्रात काहीतरी फिरवलं आणि सलग आवाजाऐवजी तुटक आवाज पाठवायला लागली, टू टू टू. तुमचा सलग आहे, माझा तुटक, आता फरक कळेल, म्हणाली. किती साधी युक्ती, पण त्यासाठी आधी माझ्या आवाजावर विश्वास ठेवावा लागतो. तिनं तो ठेवला.

मग तिनं माझ्या कानाचा नकाशा हातात दिला. तुला नीट सांगते, कारण मी तो आता पाठ केलाय. आडव्या ओळीवर आवाजाची उंची, २५० पासून ८००० पर्यंत, डावीकडे ढोल आणि उजवीकडे चिमणी. उभ्या ओळीवर किती मोठा आवाज लागला ते. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. माझी रेघ २००० पर्यंत बरी चालते, मग ४००० ला खाली बसते. पेन टेकवून ती म्हणाली, “इथल्या आवाजाच्या पेशी थकल्यात.” आतल्या कानाच्या शंखात बारीक केसांच्या पेशी असतात. बाहेरच्या तोंडाशी असतात त्या उंच पट्टीच्या, आणि त्याच आधी झिजतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. तिकडून निरोप येईनासा झाला की मेंदू त्या रिकाम्या जागी आपला आवाज वाढवतो, असं आज बरेच शास्त्रज्ञ मानतात. माझा किर्र आवाज त्याच उंचीचा निघाला. तिनं यंत्रातून एकेक स्वर लावून विचारलं, हा का? हा का? आणि एका स्वराला माझ्या तोंडून ‘हाच!’ असं इतक्या जोरात निघालं की बाहेर हे उठून उभे राहिले. कुणीतरी माझा आवाज बाहेर काढून मला परत ऐकवला, गं. मला रडू आलं तिथेच.

पेशी झिजायचं कारण शोधताना ती म्हणाली, मोठ्या आवाजात काम केलंय का? मी शाळेत शिकवायचे, शेजारी राइस मिल होती, पण ते काही फार नाही, वयाचाच भाग मोठा. मग ती म्हणाली, ४००० ला असा खड्डा आम्हाला सर्वांत जास्त हातोडीखाली काम केलेल्यांच्या कानात दिसतो. आणि मला तुझे बाबा आठवले.

तुमच्या ओसरीवर संध्याकाळी बसायचे, तळवा कानावर दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. दिवसभर पितळेचा गुंड मठारून आलेले. हातोडीचा एकेक ठोका त्या भांड्याच्या पोटावर उमटलेला असायचा, ओळीत, एकसारखा. काय देखणं काम होतं त्यांचं! विचारलं की म्हणायचे, “ठोके घरी येते पोरी माह्यासंगं.” तुझी आई त्यांच्याशी इतक्या वरच्या पट्टीत बोलायची की तुमच्याकडे आज काय भाजी आहे हे आमच्या घरी कळायचं. मग आमची आई तीच करायची नाही. तुझ्या बाबांना एकदाही कुणी त्या पेटीत बसवलं नाही, हातात बटण दिलं नाही, त्यांची लाल-निळी रेघ कागदावर काढली नाही. भंडाऱ्याचं पितळ सगळ्या मुलखात गेलं, आणि ते घडवणाऱ्यांचे कान कुणी तपासले नाहीत.

तुला सांगते, ठोक्यांनी कान जातात हे माहीत नव्हतं असं नाही. इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा डॉक्टर होता, त्यानं कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं, १७०० साली. त्याच्या १७१३ च्या वाढवलेल्या आवृत्तीत व्हेनिसमधले तांबट आहेत. एकाच वस्तीत राहणारे, दिवसभर तांबं ठोकणारे, आणि म्हातारपणी ठार बहिरे होणारे. वाचताना तुमची गल्ली डोळ्यांपुढे आली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, कळवलेच पाहिजेत अशा आजारांत, मोठ्या आवाजानं येणारा बहिरेपणा लिहिलेला होता. पण घराच्या ओट्यावर चार माणसं ठोकत बसतात त्याला कारखाना कोण म्हणतो? आता तर ठोकेही कमी झाले. स्टील आलं, ॲल्युमिनियम आलं. तुमच्या गल्लीत मोजकीच घरं उरलीत, पण त्या घरांतली उरलेली म्हातारी माणसं बघ, बहुतेकांचा तळवा कानावर.

आणि आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ ला स्फोट झाला, माणसं गेली, हे तू तिकडे वाचलंच असशील. स्फोटाच्या हवेच्या धक्क्यानं शरीरात सर्वांत सहज इजा होते ती कानाच्या पडद्याला. पण ज्या घरात माणूस गेलं तिथे वाचलेल्यानं ‘माझे कान वाजतात’ हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? मला वाटतं, असे किती आवाज आपल्या जिल्ह्यात माणसं गिळून बसली असतील.

बरं, उपाय काय, हे तू आता ओरडून विचारत असशील. आवाज बंद करायची गोळी नाही. हे त्या मुलीनं स्पष्ट सांगितलं आणि मला त्याचा राग आला नाही, कारण ती तिथे थांबली नाही. आधी पंचवीस प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. आवाजामुळे चिडचिड होते का, झोप उडते का, माणसांत जावंसं वाटत नाही का. हो, कधी कधी, नाही. त्यावरून शंभरपैकी गुण. दुखणं किती मोठं आहे ते आवाजावर नाही, आपल्या जगण्यावर मोजायचं, ही रीतच मला आवडली.

मग मशीन. दोन्ही कानांमागे बसतं, आत बारीक नळी, कान पुरता बंद होत नाही. मला वाटलं होतं, आधीच आवाज, त्यात आणखी वाढवायचा? पण झालं उलट. पानांची सळसळ, नळाचं ठिबकणं, चिमण्या, सगळं परत आलं आणि त्या गर्दीत माझा किर्र मागच्या रांगेत जाऊन बसला. आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ परत आले! बाजारात साठ की आठ कळेना, तर भाजीवाल्याला बोटं करायला लावत होते. आता ह्यांनी हळूच पुटपुटलेलंही ऐकू येतं, याची त्यांना अजून पुरती कल्पना आलेली नाही.

रात्रीसाठी तिनं सांगितलं, पूर्ण शांततेत झोपू नका. बारीक आवाज ठेवा, पण आतला आवाज झाकून टाकेल इतका नको, त्याच्या जरा खाली. पावेल जास्ट्रेबॉफ नावाच्या शास्त्रज्ञानं १९९० मध्ये याची मांडणी केली. मेंदूला तो आवाज ऐकू येत राहिला आणि त्यात धोका नाही हे कळलं, तरच तो त्याकडे लक्ष देणं सोडतो. म्हणून पंखा, आणि आकाशवाणी नागपूर अगदी हळू. त्याबरोबर मनाची एक उपचारपद्धत आहे, सीबीटी म्हणतात, म्हणजे आवाज आला की जे विचार धावत सुटतात त्यांना पकडून तपासायचं. त्यानं आवाज कमी होत नाही, त्रास कमी होतो, असं २०२० सालच्या कॉक्रेनच्या आढाव्यात आहे. मी ते करतेय. ‘हा असाच वाढत गेला तर?’ हा माझा रात्री दोनचा विचार. तो वहीत लिहायचा आणि खाली सकाळी उत्तर लिहायचं. सकाळी उत्तर लिहिताना तो विचार फार बारका दिसतो. रात्री अजून जाग येते, पण आता मी उठून बसत नाही.

तू संगीतातली, म्हणून हे तुझ्यासाठी राखून ठेवलं. बीथोव्हेननं १८०१ साली वेगेलर नावाच्या दूरच्या मित्राला पत्र लिहिलं आणि त्यात सांगितलं, की कान रात्रंदिवस वाजतात, आणि लोकांना बहिरेपण सांगावं लागेल म्हणून तो माणसं टाळतो. दूर असलेल्या जिवाभावाच्या माणसालाच सांगावंसं वाटलं त्यालाही! आणि तो चेक संगीतकार स्मेताना. त्यानं १८७६ मध्ये आपल्या आयुष्यावर चार वाद्यांची रचना केली, तिच्या शेवटच्या भागात आनंदानं चाललेलं संगीत एकदम थांबतं आणि व्हायोलिनवर एक उंच स्वर लांब ताणलेला येतो. तो त्याच्या कानातला स्वर. त्यानं तो सगळ्यांना ऐकवला. मी मोबाईलवर लावला, मशीन घालून, आणि ह्यांना शेजारी बसवलं. स्वर आला तेव्हा म्हटलं, “असा. असा येतो.” हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “दिवसभर?” त्या दिवसापासून ह्यांनी टीव्हीवरच्या बातम्यांचा आवाज स्वतःहून कमी केलाय.

घरातला आवाज उतरला, गावातला नाही. इथे दिवाळीनंतर मंडया-जत्रा लागतात ते तू विसरली नसशीलच. आता भोंग्याऐवजी डीजे असतो, छातीत धडधडतो. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, पण मंडईच्या रात्री ते कुणाला आठवतात! मला आठवतेस तू, झाडीपट्टीच्या नाटकात भोंग्याच्या खांबाला टेकून, तिसऱ्या अंकात नायिका विष पीत असताना गाढ झोपलेली. आख्खी मंडई रडत होती आणि तू घोरत होतीस. पहाटे उठून मला विचारलंस, “मेली का?”

आणि म्हणूनच आता तुझं. तुझी लेक मला सांगत होती, आई टीव्ही फार मोठा लावते आणि प्रत्येक वाक्याला ‘काय?’ म्हणते. मला वाटायचं, तू लक्ष देत नाहीस, जे तुझ्या बाबतीत नेहमीच शक्य असतं. पण तू त्या ठोक्यांच्या घरात जन्मलीस, वाढलीस, ओसरीवर बाबांच्या शेजारी बसून अभ्यास केलास. तुझे कान वाजतात का गं? खरं सांग. वाजत असतील आणि नुसतं ‘वय झालं’ म्हणून बसली असशील, तर मी चिडेन, आणि या वेळी तुला कळेल असं चिडेन. आणि कधी एका कानाचं ऐकणं एकाएकी गेलं, तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. त्यावरचं औषध जितकं लवकर, तितकी गुण यायची आशा जास्त.

आमच्या शेजारच्या आजोबांनाही मी घेऊन जाणार आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्र मिळतं, त्याचे कागद सून गोळा करतेय. तुमच्या गल्लीतली उरलेली माणसंही डोक्यात आहेत. तू तुझ्या चुलतभावाला एक फोन कर, माझं ऐकत नाहीत ते, तुझं ऐकतील.

भाचा तुझा पुढच्या महिन्यात येतोय तिकडे. मोहाडीकडची कोशाची करवतकाठी त्याच्या बॅगेत घालतेय, त्यानं तीन वेळा वजन सांगितलं तरी. ती नेसून तपासणीला जा, म्हणजे तिथल्या पोरीही बघतील भंडाऱ्याचं रेशीम. आणि रिपोर्टचा फोटो पाठव. दोन्ही कानांचा, अख्खा कागद. मी आता वाचू शकते.

तुझीच